स्ट्रासबुर्गचा सूर्य

स्ट्रासबुर्ग, ९ जानेवारी

चिरंजीव नोएमी,

ज्याच्या आज्ञेने दिवस उजाडतो आणि मावळतो, तो तुझे रक्षण करो.

हे पत्र पाहून तुला आश्चर्य वाटेल. लिहिताना मलाही वाटत आहे. दोन वर्षे आपण एकमेकांशी बोललो नाही. देब्रेत्सेनच्या घरी अनेकदा लिहायला बसलो, पण तिथे टेबलाशी बसले की तुझ्या आईची रिकामी खुर्ची समोर येते आणि लेखणी पुढे सरकत नाही. इथे समोर फक्त खिडकी आहे, म्हणून लिहीत आहे.

मी फ्रान्समध्ये आहे. सत्तरीच्या उंबरठ्यावर तुझा बाप विद्यार्थी झाला आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी विद्यापीठात नाव घातले, हे तुला मावशीकडून कळले असेल. आता एका सत्रासाठी त्यांनी मला स्ट्रासबुर्गला पाठवले आहे. पूर्वी पुस्तके बांधणारे लोक पुठ्ठ्याला बळकटी यावी म्हणून आपल्या धर्मग्रंथांची फाटकी चर्मपत्रे आत चिकटवीत असत. ती अलगद सोडवायची आणि वाचायची, हे इथले आमचे काम. पवित्र अक्षर परक्या पुठ्ठ्यात शतके काढते आणि तरी पुसट होत नाही, हे पाहून मन थरारते.

राहायला विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात एक खोली मिळाली आहे. स्वयंपाकघर सामाईक आहे. माझी भांडी मी वेगळ्या कपाटात कुलूप लावून ठेवतो. भिंतीवर इथल्या आपल्या समाजाने छापलेले शुक्रवारचे पत्रक लावले आहे, कोणत्या शुक्रवारी सूर्य केव्हा मावळणार आणि दिवे केव्हा लावायचे, ते दाखवणारे. पहिल्याच दिवशी फियामेत्ता नावाची एक इटालियन मुलगी त्या पत्रकापुढे उभी होती. बावीस वर्षांची, हातात चमचा, चमच्यावर जाम.

"प्रोफेसोरे, ही कुठली गाडी आहे हो? फक्त शुक्रवारीच धावते, आणि दर आठवड्याला थोडी उशिरा?"

मी तिला समजावले. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत आम्हा ज्यूंचा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस. त्या काळात आम्ही गाडीत बसत नाही, पैशाला हात लावत नाही, लिहीत नाही, विस्तव पेटवत नाही, खिशात काही घेऊन रस्त्यावर जात नाही.

"म्हणजे ती गाडी चुकली तर?"

"आजवर चुकलेली नाही," मी म्हणालो.

तुला हे वाचून काय वाटेल ते मला ठाऊक आहे. तू बापाविषयी म्हणायचीस, आपू घड्याळ सूर्याला लावत नाहीत, सूर्यच स्वतःला त्यांच्या घड्याळाला लावून घेतो.

खोलीत बसवत नाही. वर्ग संपला की मी पायी फिरतो. कालव्यांच्या कडेने जातो, पूल ओलांडतो, पुन्हा तोच पूल ओलांडतो. थंडी बरी आहे.

तुझा पिता,
आर्मिन विदोर


स्ट्रासबुर्ग, २७ जानेवारी

चिरंजीव नोएमी,

मागील पत्राचे उत्तर आले नाही. मी त्याची अपेक्षाही केली नव्हती, असे लिहिणार होतो. पण खोटे लिहू नये.

आज एक फजिती झाली. ती सांगतो. फियामेत्ता सकाळीच दार ठोठावू लागली.

"उठा, प्रोफेसोरे! रविवारी चर्मपत्रंसुद्धा झोपतात. चला, ऱ्हाइनपलीकडचं जंगल बघू."

मी गेलो. नदी ओलांडली की जर्मनी. तिकडे आम्ही डोंगरात जाणारी छोटी गाडी पकडली. डब्यात तिच्या मित्रमंडळींचा कलकलाट होता, आणि मला सकाळची स्तोत्रे अजून म्हणायची होती. म्हणून मी मागच्या डब्यात जाऊन बसलो. एका जोडस्थानकावर गाडी बराच वेळ उभी राहिली. मी डोळे मिटून पुटपुटत होतो. डोळे उघडले तेव्हा पुढचे डबे आमच्यापासून सुटून दुसऱ्या रुळावर चालले होते. एका खिडकीत फियामेत्ता होती. ती दोन्ही हात जोरजोराने हलवीत होती. मला वाटले, मुलगी आनंदात आहे. मीही टोपी काढून तिला सौजन्यपूर्वक अभिवादन केले.

नंतर फोनवर ती किंचाळली, "अहो, हात काय हलवताय! मी उतरा म्हणत होते, उतरा! गाडीचे दोन तुकडे होतात तिथं! डब्यावर लिहिलेलं असतं की!"

इथे पोरेटोरेसुद्धा डब्यावरची पाटी वाचून मगच पाय ठेवतात. मी आयुष्यभर ओळींच्या मधले वाचत आलो. ओळ वाचायची राहिली.

माझे डबे जिथे थांबले ते गरम पाण्याच्या झऱ्यांचे गाव होते. रस्त्यावर सर्वत्र माझ्याहून म्हातारी माणसे काठ्या टेकीत चाललेली. मी एका बाकावर टेकलो. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे नीट निरखून पाहिले आणि आस्थेने विचारले, "पाय की पाठ?"

"गाडी," मी म्हणालो.

त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग मला स्टेशनापर्यंत सोडायला आल्या आणि वाटेत आपल्या तिन्ही मुलांची हकिकत सांगितली. शेवटी म्हणाल्या, "तुम्हाला मूलबाळ?"

मी सांगितले, एक मुलगी आहे, बुडापेस्टला असते. "जाताय की नाही अधूनमधून?" मी म्हणालो, परतीची गाडी आली वाटते. गाडी आलेली नव्हती.

एका गाडीचे दोन भाग होऊन ते दोन दिशांना जातात, यावर प्रवचन करण्याचा मोह झाला होता. तो आवरला आहे, कारण अशा प्रसंगी तू लहानपणी जे डोळे फिरवीत असस, ते मला इथूनही दिसतात.

पत्राचे उत्तर नाही, पण तुझे कार्ड पोचले. कागद जाड आहे, अक्षरे सुबक आहेत. बालिंत हे नावही छापील अक्षरात वाचले. बाकी पुढच्या पत्री.

आर्मिन विदोर


स्ट्रासबुर्ग, ६ फेब्रुवारी

नोएमी,

काल वर्ग सोडून बासेलला गेलो. काही काम नव्हते. कार्ड कोटाच्या खिशात होते.

तिथल्या पुलावरून मी नदीच्या या काठाला गेलो आणि त्या काठाहून परत आलो. किती वेळा, ते ठाऊक नाही. चेस्टनट भाजणारा माणूस माझ्याकडे पाहू लागला तेव्हा थांबलो. परतीची गाडीही चुकली. त्या स्टेशनात दोन देश आहेत. फ्रान्सची गाडी एका टोकाला, लांबलचक मार्गिकेपलीकडे लागते, आणि मी स्विस फलाटावर उभा राहून ती येण्याची वाट पाहत होतो. पुढच्या गाडीपर्यंत पुन्हा गावात गेलो, पुन्हा पुलावर उभा राहिलो.

शनिवार, तेवीस फेब्रुवारी, दुपारी बारा. तू माझ्या घरात वाढलेली मुलगी आहेस. शनिवारी दुपारी बारा वाजता तुझा बाप कुठे असतो, हे तुला पाठ आहे.

स्पष्ट लिहितो. माझे मत बदललेले नाही. बालिंत सज्जन असेल. तुझ्या मावशीने लिहिले आहे की तो मुलांचे दात बघतो आणि मुले त्याच्याकडे रडत नाहीत. पण तो आपल्यातला नाही. जी साखळी कितीतरी बापांनी, कितीतरी वाईट काळात हातातून सुटू दिली नाही, ती माझ्या हातात सुटते आहे. हे दुःख मी लपवणार नाही आणि त्याला दुसरे गोड नावही देणार नाही.

सकाळी स्वयंपाकघरात कार्ड टेबलावर राहिले होते. फियामेत्ताने ते उचलले.

"अय्या, लग्न! तुमच्या मुलीचं? मग जायची तयारी करा की."

"जमणार नाही."

"तब्येत बरी नाही?"

"शास्त्र आहे."

"शास्त्रात लिहिलंय, मुलीच्या लग्नाला जाऊ नका?"

"मुलीने कोणाशी करावे, हे लिहिले आहे."

"बरं. आणि बापानं कुठं बसावं, हे?"

मी तिला म्हणालो, तुझा पाव करपतो आहे. तो खरोखरच करपत होता. पण वर्गात दिवसभर माझ्यापुढे एक चर्मपत्र उघडे होते आणि मी त्यातली एकही ओळ वाचली नाही. मनात एकच शोध चालला होता. धर्मविधी होत असता तर प्रश्न वेगळा होता. इथे होणार आहे ती सरकारी नोंदणी. तिथे उभे राहणे म्हणजे संमती का? भाष्यकारांनी साक्षीदार, वधू, वर, मंडप, अंगठी, प्याला या सर्वांविषयी लिहून ठेवले आहे. बापाच्या खुर्चीविषयी मला काही सापडले नाही.

मी येणार नाही. पत्र पुन्हा वाचले. हे वाक्य तसेच ठेवतो.

आ. वि.


स्ट्रासबुर्ग, १३ फेब्रुवारी

चिरंजीव नोएमी,

मागच्या पत्रातील शेवटचे वाक्य रद्द समज. मी येतो.

माझे मत बदललेले नाही, हेही लगेच सांगतो, म्हणजे तुझा गैरसमज नको. मी सही करणार नाही, तुमच्या ताटातले जेवणार नाही, विधी म्हणून कसलाही आशीर्वाद उच्चारणार नाही. परंतु बापाची खुर्ची रिकामी ठेवायला मला कोणी सांगितलेले नाही, आणि न सांगितलेली कठोरता स्वतःहून अंगावर घेणे हाही एक प्रकारचा गर्व आहे, असे आमच्या थोरांनी बजावले आहे.

सर्व योजले आहे. बावीसला, शुक्रवारी, भल्या सकाळी निघतो. म्युनिकला गाडी बदलायची, मग थेट बुडापेस्ट. तुमचे सभागृह ज्या रस्त्यावर आहे त्याच्या मागच्या गल्लीत एका बाईंकडे खोली ठरवली आहे. शनिवारी पायी येईन. वाहन लागणार नाही. वेळ पत्रकात पाहून ठेवली आहे. गाडी पोचल्यावर सूर्यास्ताला निवांत अवकाश राहतो.

एक मागणे आहे. तू लहान असताना दर शुक्रवारी संध्याकाळी मी तुझ्या डोक्यावर हात ठेवीत असे. तू चुळबुळत असस, कारण सूप निवत असे. जमल्यास शुक्रवारी तिन्हीसांजेला त्या खोलीच्या दारापर्यंत ये. आत येण्याची गरज नाही.

फियामेत्ता बरोबर येते म्हणते. तिला बुडापेस्ट पाहायचे आहे, शिवाय, तिच्या शब्दांत, "तुम्हाला एकटं सोडलं तर तुम्ही रोमला पोचाल."

तुझा पिता


बुडापेस्ट, २४ फेब्रुवारी, रविवार सकाळ. तुझ्या स्वयंपाकघरात.

चिरंजीव नोएमी,

तू आणि बालिंत अजून झोपलेले आहात. काल रात्री तू काही विचारले नाहीस आणि मी काही बोललो नाही. भोवती वऱ्हाड होते आणि बँड वाजत होता. म्हणून जे तुला ठाऊक नाही तेवढे लिहून ठेवतो.

तुझा एका शब्दाचा निरोप आला होता: "या." तो मी फियामेत्ताला पुनःपुन्हा वाचून दाखवला. ती म्हणाली, "एवढ्यात काय आहे वाचण्यासारखं?" तिला कसे कळावे!

शुक्रवारी व्हिएन्नापर्यंत सर्व सुरळीत होते. त्यापुढे सरहद्दीजवळ गाडी शेतात थांबली. का थांबली ते कोणी सांगितले नाही. मी घड्याळ पाहिले. पत्रकाप्रमाणे पुष्कळ वेळ होता. फियामेत्ता पत्ते खेळू म्हणाली. दोन डाव खेळलो. दुसरा मी जिंकत होतो. गाडी हलली, आणि मी सहज बाहेर पाहिले. मैदानात पवनचक्क्या आहेत. सूर्य आमच्या पाठीमागे होता, म्हणून तो दिसत नव्हता, पण त्या पवनचक्क्यांच्या सावल्या शेतेच्या शेते ओलांडून पूर्वेकडे पसरल्या होत्या. इतक्या लांब सावल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. पाहिल्या होत्या, नोएमी. दर शुक्रवारी, दिवे लावण्याच्या आधी, देब्रेत्सेनच्या अंगणात.

माझ्या हातातले पत्ते गळून पडले. पत्रक स्ट्रासबुर्गचे होते. आम्ही दिवसभर पूर्वेकडे धावत होतो. फ्रान्सपासून हंगेरीपर्यंत घड्याळ एकच, पण सूर्य एक नव्हे; इकडे तो तिकडच्याहून कितीतरी आधी मावळतो. शाळेत हे मी मुलांना शिकवले आहे. गाडी वेळेवर धावली असती तरी मी धापा टाकीतच त्या खोलीत पोचलो असतो. आता पुढचा थांबा म्हणजे ग्योर, आणि त्यानंतर सूर्य राहणार नव्हता.

तेव्हा मी तुला फोन केला. आपले ते बोलणे तुला आठवते, पण मला ते लिहावे लागेल, कारण ते मनातून हलत नाही.

"नोएमी, मी ग्योरला उतरतो आहे. सूर्यास्त होतो आहे."

"दीड तास, आपू! फक्त दीड तास उरलाय. बसून राहा."

"बसता येत नाही."

"मग आधीची गाडी का नाही घेतलीत?"

"पत्रक पाहण्यात चूक झाली."

तू म्हणालीस, "तुमची? सूर्यास्त चुकला, आणि तो तुमचा? माझ्या शाळेचं नाटक चुकलं तुमचं, माझा वाढदिवस चुकला. पण सूर्यास्त? आपू, यायचं नव्हतं तर तसं सांगायचं. पहिल्यांदा सांगितलंत तसं. मी सोसलं असतं."

आणि फोन बंद झाला. मला पुन्हा करता आला असता. गाडी फलाटाला लागत होती.

वाटेत शब्बाथने गाठलेल्या माणसाने आपली थैली परधर्मी सोबत्याच्या हाती द्यावी, असा नियम आहे. मी पाकीट, फोन, चष्म्याचे घर, पेटी, कोटातले सुटे पैसे, सर्व फियामेत्ताच्या ओटीत टाकले. हातरुमाल गळ्यात बांधला, म्हणजे तो ओझे न राहता वस्त्र झाला. ती घाबरून बघत होती.

"अहो, पण जेवणार काय? झोपणार कुठं?"

"तू बुडापेस्टला जा. नोएमीला सांग, मी खोटे बोललो नाही."

"तिनं नाही मानलं तर?"

दार बंद होत होते. मी उतरलो.

ग्योरमध्ये मी कोणाला ओळखत नव्हतो. आपल्या लोकांचे तिथले जुने घुमटाचे प्रार्थनास्थळ ठाऊक होते, म्हणून विचारत विचारत नदीपलीकडे गेलो. तिथे आता गाण्याबजावण्याचे कार्यक्रम होतात. आत चौघे वाद्ये जुळवीत होते. दाराशी एक जाड बाई तिकिटे घेऊन बसल्या होत्या. त्यांचे नाव इबोया.

"तिकीट, बाची," कोणत्याही म्हाताऱ्या काकाला म्हणावे तसे त्या म्हणाल्या.

"माझ्याजवळ पैसे नाहीत. मला फक्त पूर्वेच्या भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ उभे राहायचे आहे."

त्यांनी माझी टोपी, दाढी, गळ्यातला रुमाल पाहिला. "उभं राहायला तिकीट लागत नाही. पण त्या पोरांच्या सुरात सूर मिसळू नका, आधीच त्यांचा लागत नाहीये."

मी संध्याकाळची प्रार्थना तिथे केली. एक व्हायोलिन सारखे चुकत होते आणि पुन्हा तीच ओळ घेत होते. एरवी मला संताप आला असता.

रात्री इबोयाबाईंनी मला घरी नेले. शेजारच्या जिन्यावरून ओरडून त्यांच्या बहिणीलाही बोलावून घेतले, "एकटी बाई अन् परका पुरुष, उद्या गाव बोलेल!" टेबलावर सॉसेज ठेवले, मी पाव आणि कच्ची मिरची घेतली. माझी हकिकत ऐकून त्या म्हणाल्या, "दीड तास? देवाला दीड तास थांबवत नाही? माझा नवरा मला चाळीस वर्षं थांबवायचा, आणि तो काही देव नव्हता."

बहीण म्हणाली, "गप गं. माणूस रडायला आलाय आणि तुझं काय!"

"रडू दे की. मी कुठं अडवलंय? आधी जेवू दे."

मी रडलो नाही. पण झोपही आली नाही.

शनिवारी सकाळपासून मी त्या गावात फिरत राहिलो. एका नदीच्या काठाने गेलो, दुसऱ्या नदीच्या काठाने आलो. बाजार भरला होता; लोक मुळे, अंडी, मध विकत घेत होते. जिथे वळण दिसले तिथे वळलो. स्टेशनाकडे मात्र गेलो नाही. गाड्या दिसल्या असत्या तर मी काय केले असते, याची मला खात्री नव्हती, नोएमी. हे मी देवासमोरही बोललो आहे, म्हणून तुझ्यासमोर लिहायला हरकत नाही.

मग बारा वाजले. आपल्या देशात दुपारी बाराला प्रत्येक चर्चची घंटा वाजते. मी ती आयुष्यभर ऐकत आलो आणि कधी मान वर केली नाही. काल मी पुलावर होतो. एक घंटा सुरू झाली, मग दुसरी, मग सगळ्या. तू आता उठून उभी राहिली असशील. आता तुला विचारत असतील. आता तू उत्तर दिले असशील. माझ्या हातांचे काय करावे ते मला कळेना. कठड्यावर ठेवले, खिशात घातले, शेवटी पाठीमागे धरले. घंटा थांबल्या तरी मी तसाच उभा होतो. एक सायकलवाला म्हणाला, "बाची, बाजूला व्हा जरा."

संध्याकाळी तारे दिसले. समाप्तीची प्रार्थना केली, इबोयाबाईंचा निरोप घेतला आणि स्टेशनावर आलो. तिथे आल्यावर लक्षात आले की पाकीट तुझ्या गावी आहे. म्हाताऱ्यांना तिकीट लागत नाही खरे, पण म्हातारा असल्याचा दाखला पाकिटात होता. खिडकीवरची मुलगी म्हणाली, "दाढीवरून नाही चालत, बाची. कार्ड लागतं." मी फलाटावर येरझारा घालू लागलो.

तेवढ्यात काळ्या सूटमधला, कोटाला पांढरे फूल लावलेला एक तरुण माणूस थेट माझ्याकडे चालत आला.

"विदोर बाची? मी बालिंत."

मी म्हणालो, "तुम्ही मला ओळखलेत कसे?"

"नोएमी म्हणाली, फलाटावर जो म्हातारा एका जागी उभा राहत नसेल, तोच." मग चाचरत म्हणाला, "दुपारी केक कापायच्या आधीच तिनं मला दाराबाहेर काढलं. म्हणाली, आत्ता गाडी काढलीस तर तारे दिसायला पोचशील. त्याआधी पोचलास तर त्यांना हातसुद्धा लावू नकोस. आणि त्यांना घेतल्याशिवाय परत येऊ नकोस. आलास तर लग्न रद्द."

"पण तिचा माझ्यावर विश्वास नव्हता," मी म्हणालो.

"नव्हताच. आज ती इटालियन मुलगी तुमच्या खुर्चीवर येऊन बसली. तुमची पेटी मांडीवर घेऊन. माझी आत्या उठ म्हणाली, तर म्हणते, ही जागा राखीव आहे, मी राखतेय. मग तिनं सगळ्या टेबलाला ते भिंतीवरच्या कागदाचं सांगितलं. स्ट्रासबुर्गचा होता म्हणून. नोएमी ऐकत होती. एकदम म्हणाली, 'म्हणजे फ्रान्सचा सूर्य घेऊन हंगेरीला निघाले होते!' आणि हसायला लागली. डोळ्यांतलं काजळ गालावर आलं, तरी थांबेना. सारखी म्हणत होती, चुकले, आपू चुकले, खरंच चुकले."

आयुष्यात माझ्या चुकीचा कोणाला इतका आनंद झाला असेल असे वाटत नाही.

बालिंतने मोटारीत माझ्या हाती एक पिशवी दिली. तू दिलेली. मी दिव्याखाली उघडली. न सोललेली संत्री, न कापलेली सफरचंदे, कवच न फोडलेले अक्रोड, झाकण न उघडलेली पाण्याची बाटली. तुमच्या सुरीने, तुमच्या भांड्याने, तुमच्या ताटाने स्पर्श केलेले एकही नाही. मला काय चालते आणि काय चालत नाही, हे मी तुला शिकवायचे थांबवले त्याला कितीतरी वर्षे झाली. मी संत्रे सोलले. बालिंत म्हणाला, "मला नाही का?" मी त्याला अर्धे दिले. तो दाताचा डॉक्टर बियांसकट खातो, हे तू लक्षात घे.

सभागृहात तू माझ्यासमोर येऊन म्हणालीस, "उशीर झाला तुम्हाला."

"हो," मी म्हणालो.

तू मान पुढे केलीस. शुक्रवार नव्हता. शास्त्राने सांगितलेली ती वेळ नव्हती. मी हात ठेवले.

माझे मत बदललेले नाही, नोएमी. ते मी बदलू शकत नाही, आणि तुला तसे भासवणे मला जमणार नाही. तू आणि मी त्याच्यासकट कसे राहायचे, हे मला ठाऊक नाही. कुठल्या ग्रंथात असेल तर अजून वाचनात आलेले नाही.

सकाळच्या गाडीचे माझे तिकीट होते. ती एव्हाना सुटली असेल. फियामेत्ता त्या गाडीत असेल, किंवा चुकून दुसरीत. उद्या वर्ग आहे. चर्मपत्रे शतके थांबली आहेत, आणखी काही दिवस थांबतील.

आत पलंग वाजला. तू जागी झालीस. बालिंतला विचारते आहेस, "ऐक ना, आपू गेले का?" तो अजून झोपेतच काहीतरी पुटपुटतो आहे. त्याला ठाऊक नाही.

लेखणी खाली ठेवतो. याचे उत्तर मला द्यायचे आहे.